डाव्या बाजूचं वेल्डिंग

कुठलं वेल्डिंग? — न्हाई न्हाई, तू पडून राहा तिथंच जयसिंग, गाडीखालनं बाहेर येऊ नको, टॉर्च धरतो मी. हां, दिसतंय का आता? आधी ते नवीन क्रॉसमेंबर बसव. नवीन म्हंजी काय, कुरकुंभच्या भंगारातलं, पर सरळ तर हाय. दोन दिवस हिंडलो त्याच्यापायी. भंगारवाला म्हणतो, आप्पा, असली पिकप आता चालवतं कोण? म्हणलं, कुणीच न्हाई, अकरा वर्षं कांद्याच्या चाळीमागं उभी हाय, कोंबड्या अंडी घालत्यात तिच्यात. पर पुढची दोन्ही चाकं ज्या आडव्या लोखंडावर पेलत्यात तेच मोडलंय, तेवढं दे. दिलं त्यानं. आता तू म्हणतोस भोकं जुळंनात. दोन सुतानं? मग भोकं वाढव की — न्हाई वाढवायची? चॅसीच दबलीय, जॅक लावून फाकवायची? बरं. फाकव. तुझ्या हातातलं काम हाय, मी कोण सांगणार?

आन् ते जुनं भिंतीला टेकवलंय, त्याच्याकडं कशाला बघायचं परत परत? हाय वेल्डिंग, व्हय, डाव्या बाजूला. आधीचं का नंतरचं — अरं, नंतर कोण करंल, वढ्यात पडलेल्या गाडीला? आधीचं हाय. पंधरा दिवस आधीचं. झालं?

तडा गेला व्हता तिथं. केसाएवढा. तवा न्हावऱ्याला दत्ता व्हता, खिडक्यांच्या जाळ्या करायचा, त्याच्याकडनं मारून घेतलं. तो बिचारा म्हणला, आप्पा, मी जाळ्या करणारा माणूस, हे माझं काम न्हाई, तुकडाच बदला, वजन तर अजिबात टाकू नका. खरं बोलला. पर दसरा तोंडावर, दीड एकर झेंडू उभा, गाडी दोन-चार दिवस सोडायची कुणी? म्हणलं, दसरा झाला की बदलू. आता तूच सांग, कुणी बी हेच केलं असतं का न्हाई? — असतंच. निम्म्या लोकांनी तरी केलं असतं.

तुझ्या काकूला सांगितलं न्हाई. उगं घाबरली असती. म्हंजी घाबरणारी न्हवती ती, तेच तर. धुरपदा म्हणलं की न्हावऱ्यापासनं शिरूरपर्यंत माणसं वळखायची — मार्केटला माल घेऊन गाडी स्वतः आणणारी बाई म्हणून. भांडगावला माहेरी शिकली, तिच्या भावाकडनं. माझ्यापेक्षा बरी चालवायची. मला रिव्हर्स अजून जमत न्हाई, ती मार्केट यार्डात दोन टेम्पोंच्या मधी एका दमात लावायची. बाया मागं बसायच्या तिच्या गाडीत, कुणाची मेथी, कुणाची कोथिंबीर, हसत खिदळत जायच्या.

दसऱ्याच्या दोन दिवस आधी मला म्हणली, गाडी डावीकडं वढती. — न्हाई, ऐकलं व्हतं मी. चांगलं ऐकलं व्हतं. म्हणलं, गाडी न्हाई वढत, तुझ्या हातात जोर न्हाई. दुसऱ्या दिवशी झेंडूचे चाळीस क्रेट भरले मी. ती म्हणत व्हती पंचवीसच भरा. आन् मला भावकीतल्या एका लग्नाच्या सुपारीला जायाचं व्हतं, म्हणून ती एकटी गेली. — न्हाई, बाया न्हवत्या त्या दिवशी, मागं बसायला जागाच कुठं व्हती? देवानं राखलं. वढ्याच्या वळणावर डावं चाक आत दुमडलं, आन् गाडी खाली. मी जाऊन पोचलो तवा सगळा वढा पिवळा झालेला. ती दगडावर बसलेली, डावं मनगट मांडीवर धरून. रडत न्हवती. मला एवढंच इचारलं — मी हळूच घेतलं व्हतं वळण, मग कसं काय झालं?

मी काय म्हणलो? — भवती पन्नास माणूस जमलेलं. एकजण म्हणला, हौशीराम, बाईच्या हातात गाडी दिली की असंच व्हायचं. दुसरा म्हणला, आता तरी शहाणा हो. आन् सगळी माझ्याकडं बघायला लागली. मग मी म्हणलो, व्हय, आता न्हाई देणार. एवढंच. एवढंच म्हणलो बघ.

त्यावर अकरा वर्षं ती ष्टेरिंगला शिवली न्हाई. मनगट जुळलं, पर पुरतं वळत न्हाई अजून. कुणी म्हणलं, वहिनी, गाडी का सोडली, तर म्हणायची, मला जमली न्हाई. माझ्यासमोर म्हणायची. मी तंबाखू मळत बसायचो. यंदा पाडव्याला म्हणली, दारात मढं ठेवल्यावानी गाडी ठेवलीया, एकतर दुरुस्त करा न्हाईतर मोडीत काढा. म्हणून आणली तुझ्याकडं. — मोडीत का न्हाई काढली? काय माहीत. न्हाई काढली.

आता तू कुणाला बोलू नको हे. तिला तर मुळीच — काय? कवा? मंगळवारी? मंगळवारी ती डोळ्याच्या डॉक्टरकडं आली व्हती शिरूरला, मला तसंच सांगून — इथं आली व्हती? एकटी? आन् तू मला आत्ता सांगतोस? बघितलं तिनं? भिंतीला टेकवलेला तो तुकडा? — बोट फिरवलं त्याच्यावरनं. बरं. आन् इचारलं, हे कवाचं. तू काय म्हणलास? — मोडायच्या आधीचं म्हणलास. तडा आतनं गंजलेला हाय म्हणलास. तुला कुणी सांगितलं व्हतं बोलायला? — न्हाई, बरोबर हाय. इचारलं तर सांगायलाच पायजे.

काय म्हणली ती? त्या वेल्डिंगवर काहीच न्हाई? घरी बी काही बोलली न्हाई रं. चार दिवस झाले. भाकरी वाढती, चहा देती, काल म्हणली लिंबाला पाणी सोडा. मला वाटलं सगळं नेहमीसारखंच हाय.

डोळे कशाला तपासले मग? — लायसनला? नवीन लायसन काढतीया? तुला सांगितलं, मला न्हाई. आन् गाडी कुणाकडं द्यायची म्हणली? — तिच्याकडंच. माझ्याकडं देऊ नको असं म्हणली? नाव घेऊन? — बरं. बरं. आज चार वाजता येतीया.

किती वाजलं? — न्हाई, मी कुठं जात न्हाई. हितंच बसतो. तू माझ्याकडं बघू नको, बोलू बी नको आता. बोल्ट आवळ. चारी आवळ.