उलटा धरलेला कागद

प्रदर्शनाच्या दारावर त्या नामांकित डिझायनरचा भिंतभर फोटो होता. रांगेत फोटोकडे पाठ करून एक म्हातारा उभा होता, शेजारी त्याची बायको. त्यांच्यामागच्या शिक्षिकेने वाचायला पुस्तक उघडलं होतं, पण पान काही उलटेना.

“बँकेच्या चिन्हातला पक्षी, दुधाची पिशवी, बसची पाटी. जिथे बघावं तिथे आपला हाच.”

“छान आहेत की सगळी.”

“अगं, एकाच टेबलावर बसायचो आम्ही. याला साधी सरळ रेघ यायची नाही.”

“मग तो पक्षी कसा जमला?”

“बोलाफुलाला गाठ पडली.”

“चाळीस वर्षं रोज गाठ पडते होय?”

“तू त्याचीच बाजू घे. काम संपलं की कागद उलटा धरून बघायचा हा. अक्षरं वाचता आली नाहीत की चुका डोळ्यांत भरतात. हे शिकवलं कुणी? मी. आहे कुठे माझं नाव?”

“तुम्हीही धरायचात उलटा?”

“मला गरज पडत नसे.”

“हं.”

“हं काय?”

“काही नाही. पुढे सरका.”

दारावरच्या बाईंनी माहितीपत्रक दिलं. वर तोच पक्षी. म्हाताऱ्याने ते उलटं धरलं, डोळ्यांजवळ नेलं, हात लांब करून पाहिलं, पुन्हा जवळ आणलं. मागे रांग खोळंबली. शिक्षिकेने पुस्तक मिटलं.

“सापडली का चूक?” बायकोने विचारलं.

“चष्मा घरी राहिला.”

“अहो, नाकावर आहे तुमच्या.”