एमिलला घाई नाही

हॅलो?… हॅलो?… हो, डॅर्लीनच बोलतेय. या घरात दुसरं कोण उचलणार फोन?… कोण?… रोझाली?… अस्सं! तू!

नाही, आपटत नाहीये. आपटायलाच हवा होता खरं तर, पण आमच्या आईने तसं वळण लावलं नाही. बोल. बोल ना. दुपारी तर छान बोलत होतीस.

कुठे म्हणजे? रेडिओवर! सगळं ऐकलं मी. उभी राहून ऐकलं. कोबी चिरत होते, तो दुपारचा बडबड्या नेहमीप्रमाणे बेसबॉलच्या त्या नव्या घड्याळाचा विषय चघळत होता, आणि म्हणाला, 'आता जवळच्याच पार्माहून एक बाई बोलतायत, रोझाली.' म्हटलं असेल कुणी दुसरी. पार्मात रोझाल्या काय कमी आहेत? आणि मग ती बाई खोकली. बोलायच्या आधी तू खोकतेस ना, तशी. सुरी हातातच राहिली माझ्या.

हो, हो… अगं ऐक ना… आधी माझं ऐक! 'माझे मिस्टर आज असते तर त्यांना हे घड्याळ फार आवडलं असतं.' म्हणालीस की नाही?… अर्थ नको सांगूस, शब्द हेच होते. अख्ख्या क्लीव्हलंडने ऐकले. दहा मिनिटांत मॅचला माझ्या शेजारी बसणाऱ्या तेरेसाचा फोन. 'डॅर्लीन, अगं तुझी सख्खी वहिनी त्या पार्टीत कशी?' काय सांगू मी तिला? पहिल्या दिवसापासून स्टेडियममधली आमची अख्खी रांग त्या घड्याळाविरुद्ध बोंबलतेय, आणि घरचीच माणसं अशी!

एमिलला आवडलं असतं? आमच्या एमिलला?… हो, नवरा तुझा होता. पण भाऊ आधी माझा होता. तू त्याला पाहिलंही नव्हतंस तेव्हापासून मी त्याच्याबरोबर मॅच बघतेय. तळ्यावरून बोचरा वारा यायचा, एकाच घोंगडीत तिघं बसायचो. बाबा मध्ये नाक ओढत. तेव्हा कुठे होतीस गं तू?

मी ओरडत नाहीये.

ओरडत नाहीये! माझा आवाजच असा आहे.

काय करतेय? शिवतेय. चादर शिवतेय, उद्याच्या मॅचची. हो, तीच, रेडिओवर सांगितली ती. रेडिओवाल्याला कुणी सांगितलं मला ठाऊक नाही. तेरेसाच असणार, तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. स्टेडियमच्या वरच्या मजल्याच्या कठड्याला लावणार आहोत. पांढऱ्यावर लाल. 'एमिलला घाई नाही.' एवढी मोठी अक्षरं, की टीव्हीवर बिनचष्म्याचं दिसावं. आमच्या रांगेतली सगळी येणार आहेत धरायला. घड्याळ आलं त्याच्या आधीच्याच हिवाळ्यात गेला बिचारा. मी सगळ्यांना सांगते, एका परीने सुटला, हे बघावं नाही लागलं त्याला.

काय?… पुन्हा बोल… नाव काढू?

एमिलचं नाव काढू?… म्हणजे एवढ्यासाठी फोन केलास! आणि मी वेडी, मला वाटलं माफी मागायला केलास.

का म्हणून काढू? त्याच्या वतीने तू रेडिओवर बोललेली चालतेस, मी चादरीवर लिहिलेलं चालत नाही? वा गं वहिनीबाई!

बरं. बरं, सांग. ऐकतेय. तोंड बंद केलंय मी, बघ… हं… हं… थांब, थांब. 'मधला वाया जाणारा वेळ'? दुपारीही तू हेच म्हणालीस. तेव्हाच मला सगळ्यात जास्त लागलं, सांगून ठेवते. वाया जाणारा? अगं, आम्ही जे काही बोललो जन्मात, ते सगळं त्या मधल्या वेळात. बॉल टाकणारा पिचर टोपी काढतोय, घालतोय, थुंकतोय, बूट आपटतोय. बॅटर हातमोजे सोडतोय, पुन्हा बांधतोय. तेवढ्यात बोलायचं असतं! माझा नवरा, वॉरेन, घर सोडून गेला ते मी एमिलला कुठे सांगितलं ठाऊक आहे? तिथेच. दोन बॉलच्या मध्ये. पुढचा बॉल पडेपर्यंत तो काही बोलला नाही. मग म्हणाला, 'शेंगा खाणार?' बास. मला तेवढंच हवं होतं. पाद्र्याकडे गेले असते तर तासभर ऐकून घ्यावं लागलं असतं.

आता सांग, आता कसं सांगायचं माणसाने? पिचरच्या समोर घड्याळ टांगलंय, सेकंद पळतायत, वेळेत टाकला नाही तर दंड. 'एमिल, वॉरेन मला सो…' पडला बॉल! परवा तेरेसाला म्हटलं, गुडघा कसा आहे. ती सांगायला लागली तर तीन बॅटर बाद होऊन जागा बदलून झाल्या. ऑपरेशन आहे हे मला पुढच्या आठवड्यात तिच्या मुलीकडून कळलं. बिअर आणायला गेलं की एक इनिंग गायब. ही काय मॅच आहे? दाताच्या डॉक्टरकडेसुद्धा यापेक्षा निवांत बसता येतं.

लवकर घरी जाता येतं… हो, जाता येतं. ते ज्याला जायचं त्याला.

आणि जादा इनिंगचं तर बोलूच नकोस. बरोबरी झाली की काय करतात? दुसऱ्या बेसवर, धावेच्या अर्ध्या वाटेवर, आयता माणूस आणून उभा करतात. ना मारलं, ना पळाला, नुसता डुलत डुलत आला आणि उभा. घरजावई मेला! कशाला, तर मॅच लवकर संपावी. अगं, जादा इनिंग म्हणजे एमिलचा जीव की प्राण! एवढा खूष व्हायचा की बसवायचं नाही त्याला. लगेच उठून शेंगा आणायला धावायचा. दर वेळी. दर वेळी! तू नव्हतीस तिथे, मी होते.

काय नव्हतं तसं?… अगं, आयत्या माणसाचा नियम निघाल्यावर पहिल्यांदा आम्ही तो बघितला, तेव्हा मी एमिलच्या शेजारी बसलेली होते. एमिल उभा राहिला आणि टाळ्या वाजवायला लागला. उभा राहून! पुढच्या रांगेतली माणसं वळून बघायला लागली. असा टोमणा मारावा तर एमिलनेच.

टोमणा नव्हता?

टोमणाच होता, रोझाली. माझ्या भावाचे टोमणे मला कळतात.

घरी येऊन काय म्हणाला?… 'आता अकराच्या आत घरी'?… असं म्हणाला?… नाही. तू हे आत्ता रचतेयस. रेडिओवर बोललीस, आता निस्तरायला रचतेयस.

कशाची शपथ?… नको, मुलांची नको घालूस. राहू दे. ऐकतेय.

कुठून फोन करायचा?… खाली, बाथरूमच्या बाजूला… हो, होता तिथे फोन. नाणी टाकायचा. आठवतोय… कधी?… शेंगा आणायला म्हणून उठला की?… दर वेळी?… तुला?

काय म्हणायचा?

नाही, सांग. आता सांगच. अर्धवट ठेवू नकोस.

'तिला एवढ्यात घरी जायचं नाहीये. तू जेवून घे.'

…

आहे. लाइनवरच आहे मी.

पण मी कधी म्हटलं होतं त्याला? रोझाली, एकदा तरी मी तोंडाने म्हटलं होतं, की मला घरी जायचं नाही?… म्हटलं नव्हतं. बघ! मी कधीच म्हटलं नव्हतं.

दिसायचं?

दिसायचं म्हणे… काय दिसायचं? मी मॅच बघत होते! आवडायची म्हणून बघत होते. आणि तोही बघतोय असं मला वाटत होतं. मी म्हणायचे, 'देवा, आणखी एक इनिंग होऊ दे,' तो म्हणायचा, 'आमेन.' असा छातीवर हात ठेवून. मी हसायचे. आणि तो मनात म्हणत असणार, कधी एकदा ही उठतेय… आणि त्या शेंगा. शेंगा मीच संपवायचे, त्याच्या दातात अडकायच्या. मग हा माणूस दर वेळी का आणतो, हे सुद्धा मला कधी सुचलं नाही बघ. इतकी मी हुशार.

नाही गं, 'प्रेमाने केलं' हे सांगू नकोस मला. कळतंय प्रेमाने केलं. पण एवढ्या वर्षांत एकदा बोलायचं होतं ना. 'डॅर्लीन, मला झोप येतेय.' एवढंच. मी उठले असते. रागावले असते, पण उठले असते. मला वाटायचं, या जगात एक तरी माणूस आहे ज्याला माझ्याइतकीच मॅच आवडते. एक तरी. ते सुद्धा काढून घेतलंस आज. सगळे मला म्हणायचे, वॉरेन खोटा निघाला. मी म्हणायचे असू दे, माझा भाऊ खरा आहे.

मी रडत नाहीये. नाकाला सर्दी झालीय, या तळ्याच्या वाऱ्याने.

आणि ते सीझनचं दुसरं तिकीट?… नाही, आता निघालंच आहे तर विचारते. वॉरेन गेला त्याच उन्हाळ्यात एमिल म्हणाला, एक तिकीट जास्तीचं आहे, आता दर मॅचला येतेस का. कुणाचं होतं ते?

…तुझं?

तुझी जागा ती?… तुला बेसबॉल कळतं?… अगं, पण तू कधी… मग ख्रिसमसच्या जेवणाला दर वर्षी मी तुझी टिंगल करत आले, हिला बेस म्हणजे केकचा बेस वाटतो म्हणून! सगळं टेबल हसायचं. आणि तू गप्प वाढत राहायचीस? तोंड नव्हतं तुला? उलट बोलायचं ना एकदा, फेकायचा बटाटा माझ्या अंगावर!

कुणी ठरवलं द्यायचं?… दोघांनी मिळून. अच्छा. माझ्याच घरच्यांनी माझ्यासाठी बैठक घेतली. कोण जागा सोडणार, कोण सोबतीला बसणार. आणि मला कुणी विचारलं? मी आपली तिथे ऐटीत बसले होते, भावाला माझ्याशिवाय करमत नाही म्हणून.

हं… हं… हो… मुलांना झोपवून तू एकटी… हो, कळतंय. ताट झाकून… कळतंय गं, मी काही दगड नाही. माझ्यामुळे तुझी रात्र रात्र गेली, मान्य. बोल, मान्य करते. पण हे रेडिओवर सांगायचं होतं? माझा नंबर होता ना तुझ्याकडे? हाच नंबर आहे, कधी बदलला नाही मी. एवढ्या वर्षांचं तू पोटात ठेवलंस आणि सांगितलंस कुणाला, तर अख्ख्या गावाला. एक मला सोडून.

मला सांगायला भीती वाटली?… माझी?… हं. माझीच वाटणार. बाकी कुणी राहिलंय कुठे.

नको. तू येऊ नकोस उसवायला. नको म्हटलं ना! तू येशील, केक आणशील, रडशील, आणि मग मलाच तुला चहा करून द्यावा लागेल. मी उसवते माझी मी. कात्री इथेच आहे.

हो, नाव काढते. त्याचं नाव नाही लावत. जे तो म्हणाला नाही ते त्याच्या नावावर कशाला टांगू? तू जिंकलीस. तुला हवं तेच होतंय. ऐकलंस ना नीट?

चादर?… चादर नाही टाकणार. का टाकू? त्या घड्याळाचा मला अजून तेवढाच राग आहे. एवढी चांगली अक्षरं शिवलीत, त्यातलं एक नावच तेवढं खोटं आहे. ते उसवायचं आणि तिथे माझं घालायचं. लांब आहे माझं नाव, पण कापड आहे शिल्लक. 'डॅर्लीनला घाई नाही.'

हो, अख्ख्या गावासमोर. तू नाही सांगितलंस अख्ख्या गावाला? मीही सांगते.

रांगेतल्या बायका काय म्हणतील ते म्हणू देत. तेरेसा धरेल एक टोक… तू धरतेस दुसरं? नको. दुसरं मी कठड्याला बांधीन. कठडा तरी रेडिओवर जाऊन बोलत नाही.

मी तोडून बोलत नाहीये, रोझाली. मला आत्ता जमत नाहीये, एवढंच. आज नाही जमत. पुढे कधी जमेल ते मला माहीत नाही, आणि उगाच हो म्हणून तुला फसवणार नाही. तुमच्या घरात फसवणं पुष्कळ झालं.

हं… नाही, तुला दोष देत नाही. एमिललाही नाही… देतेय. देतेय थोडा. मेलेल्या माणसाला देऊ नये, पण देतेय.

एक सांग. शेवटच्या त्या सीझनला, खोकला लागला होता त्याला, तरी येऊन बसायचा माझ्याबरोबर. तेव्हाही फोन करायचा तुला?… मोबाइलवरून… हं. तेव्हाही तेच म्हणायचा?

…

बरं.

म्हणजे घाई होतीच त्याला. असणारच गं. त्याच्या घरी कुणीतरी वाट बघत होतं.

ठेवते मी.