धोंडीराम लोहाराचा मुतखडा

मंडळी, ऐका! एक सवाल घालतो, उत्तराची घाई करू नका. ज्याच्यावर आपली श्रद्धा, त्याला प्रश्न विचारावा का हो? की विचारला की श्रद्धा बाटली?

निंबोळे गावात धोंडीराम लोहार राहायचा. नावातच धोंडा — आणि देवानं आणखी एक दिला! मुतखडा! हसू नका मावशी, ज्याला झालाय त्याला विचारा. घणाचे घाव घालणारा गडी, भर दुपारी भट्टीपुढे गडबडा लोळायला लागला. "सुंदरे, कमरेत तापली सळई घुसतेय गं!"

सुंदरा त्याची बायको. धावत गेली, त्र्यंबकवैद्यांना घेऊन आली. वैद्यबुवांनी देवळामागचं ईडलिंबू तोडलं, रस काढला, घागरभर पाण्यात मिसळला. "दिवसभर हेच पीत राहा." प्यायला बापडा. आणि खडा पडला!

मग काय विचारता! झाडाला हळदकुंकू, झाडाला नारळ! पोट दुखलं, ईडलिंबू. गुडघा दुखला, ईडलिंबू. एकानं तर लेकीचं लग्न जुळेना म्हणून खाल्लं! अहो, आंबट तोंडानं कुठं स्थळ जुळतं?

सगळ्यात मोठा भक्त धोंडीराम. गालात ईडलिंबाची फोड धरून भट्टीपुढे बसायचा. घामानं निथळायचा, पण पाणी? "फळ आहे की! पाण्यासाठी कोण उठतंय?"

पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा कळ! आणि या खेपेला थंडी वाजून ताप. लघवी जवळजवळ बंद.

शेजारचे रावजी म्हणाले, "झाडाखाली न्या! दुप्पट रस पाजा!" धोंडीरामही कण्हत म्हणतो, "फळच दे गं. त्यानंच तारलंय मला."

सुंदरानं फळ कापायला घेतलं... आणि विळीवरचा हात थांबला. "झाड तेच, फळ तेच, माणूस तोच. मग खडा परत कसा झाला?"

"शंका घेतेस?" रावजी कडाडले. "म्हणूनच गुण येत नाही!"

सुंदरा हटली नाही. वैद्यबुवा आले तसं तिनं विचारलं, "बुवा, खरं सांगा. मागचा खडा कशानं पडला? फळानं की पाण्यानं?"

सगळ्यांना वाटलं, आता बुवा रागावणार! पण नाही, मंडळी. म्हातारा खाली बसला. "बाई, वडील देत होते तसं मी दिलं. कशानं पडला ते मला ठाऊक नाही. पण थंडीताप आहे — आता फळ नाही, गाडी काढा!" आणि स्वतः धोंडीरामचं डोकं मांडीवर घेऊन गाडीत बसले.

तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तपासलं. खडा वाट अडवून बसलेला, वर पू साठलेला! लगेच नळी घालून वाट मोकळी केली. ताप उतरल्यावर खडा काढला. "आणखी उशीर झाला असता तर जिवावर बेतलं असतं," म्हणाल्या.

धोंडीराम उठून बसला, तेव्हा सुंदरानं सगळी हकीकत सांगून तोच प्रश्न बाईंना घातला.

बाई म्हणाल्या, "पुष्कळ लहान खडे आपले आपणच पडतात. तुमचा कशानं पडला, मीही सांगू शकत नाही. पण पुन्हा होऊ नये म्हणून भरपूर पाणी — हे लोकांवर नीट तपासून पाहिलंय, उपयोग होतो. लिंबाच्या जातीच्या फळात एक आंबट द्रव्य असतं, ते काही प्रकारच्या खड्यांना आळा घालतं असं दिसतं. पण त्याचा पुरावा पाण्याइतका पक्का नाही. आणि अडकलेला खडा फळानं विरघळेल, या भरवशावर बसू नका."

"म्हणजे बुवांचं चुकलं?" धोंडीरामनं विचारलं.

"छे! त्यांनी घागरभर पाण्यातून दिलं होतं. फळ तुम्ही ठेवलंत, घागर टाकलीत!"

त्र्यंबकवैद्य खो खो हसले. म्हणाले, "या वयात मला नवा धडा मिळाला!"

तर मंडळी, सुंदराच्या प्रश्नानं ना झाड वाळलं, ना वैद्याचा मान गेला. वाचला तो नवरा! आता तुम्ही सांगा — घरात कुणी "हे कशानं?" विचारलं, की तुम्ही उत्तर शोधता, की डोळे वटारता? वाडवडिलांनी दिलेलं आदरानं घ्या, पण पारखून घ्या. ज्या नारायणानं फळात रस घातला, त्यानंच तुमच्या डोक्यात प्रश्न घातलाय. दोन्ही त्याचाच प्रसाद — एक खाऊन दुसरा टाकू नका! बोला, नारायण हरी!