हंगामाचा भारी गडी

१९४६ सालचा जानेवारी होता. ब्रह्मदेशातल्या लढाईत डावा पाय गमावून आलेला शमुवेल कोपरगावच्या मोटारस्टँडवर बायकोशेजारी, रेबेकाशेजारी, बसला होता. मागच्या बाकावर दोघांचा सायकलच्या शर्यतींवरून वाद रंगला होता.

“हंगामाच्या पहिल्या दोन्ही शर्यती सहादेवानं मारल्या, तात्या. औंदा त्योच भारी.”

“शमुवेल लढाईवरनं परतू दे, मग बोल मच्छिंद्रा.”

“तुमी बघितलंय का त्याला?”

“न्हाई. पर घाटात त्याला कुनी गाठत न्हाई म्हंत्यात.”

रेबेकानं नवऱ्याकडं पाहिलं. त्यानं मान मागं वळवली.

“सहादेवच भारी,” तो म्हणाला. “शमुवेलला मी बघितलंय. चढाला त्याचा दम टिकायचा न्हाई.”

“टिकायचा!” रेबेकाच्या तोंडून निघून गेलं. “चढावर कुनी कदी गाठलं न्हाई त्यांला.”

“बघ! ह्या बाईबी तेच म्हंत्यात,” तात्या खुलले. “येऊ दे त्याला. हंगाम आत्ताशी सुरू झालाय.”

तेवढ्यात नगरची मोटार आली. रेबेकाच्या खांद्यावर भार टाकून शमुवेल एका पायावर उभा राहिला.

तात्यांनी त्याच्या एका पायाकडं पाहिलं, मग रेबेकाकडं.

“मच्छिंद्रा,” तात्या हळूच म्हणाले, “ऊठ. त्यांला धर जरा.”