‘तयार’ या शब्दामुळे रस्त्यावर जमलेल्या गर्दीबाबत

नाव: कागदावरचे नाव आधीच्या पानावर दिले आहे, दुकानात मला भिंगरी म्हणतात. वय: तेवीस. धंदा: लोकांना लागतील तसे संगणकाचे प्रोग्रॅम करून देणे. शिक्षण: दोन कॉलेजांत प्रवेश, पूर्ण एकही नाही. राहणार: वाद्यदुरुस्तीच्या दुकानाचा माळा, सध्या.

मला बोलावून शनिवारच्या प्रकाराबाबत विचारले, त्यावरून मी स्वतः सांगते की, वरील दुकान सगळे ज्यांना मामा व मावशी म्हणतात ती सख्खी भावंडे चालवतात. मामा दुरुस्ती करतात, मावशी गिऱ्हाईक बघतात. दुकानात चौसष्ट वाद्ये होती. प्रत्येकाला दोऱ्याने एक कार्ड बांधलेले असते, त्यावर तीन रकाने: नाव, बिघाड, परत देण्याची तारीख. दोरे सुटतात. मागे एका बाईंना भलत्याच माणसाचे ट्रंपेट गेले व त्यातून पुढे त्या दोघांचे लग्न झाले, पण ते वेगळे.

प्रोग्रॅमचे काम मी अडीच महिन्यांपूर्वी घेतले. पहिले आठ दिवस एक ओळही लिहिली नाही, काउंटरमागे स्टुलावर बसून लोक काय विचारतात ते ऐकले. शंभरातले नव्वद एकच विचारतात, “झालं का?” त्यानंतर दर शुक्रवारी चालणारा एक छोटा तुकडा मावशींना दाखवला. त्यांना न कळलेले बटण मी काढून टाकत असे.

मावशींची अट अशी होती की, शनिवारी प्रोग्रॅम नीट चालला तर त्या कार्डांचे दोरे कात्रीने कापतील. न चालल्यास कार्डे राहतील आणि मी माळा रिकामा करीन. मी आजवर कुठेही तीन महिने टिकलेली नाही. याचा या प्रकाराशी संबंध नाही.

शनिवारी सकाळी फक्त संदेश पाठवायचे बाकी होते. ज्या वाद्यापुढे ‘तयार’ लिहिले असेल, त्याच्या मालकाला संदेश जाणार, ‘तुमचे वाद्य तयार आहे, घेऊन जावे.’ मावशी म्हणाल्या, “आधी पाच जणांना पाठव. काय होतं ते बघू.” मी हो म्हणाले. तेवढ्यात एका अकॉर्डियनचा एक सूर शिंकल्यासारखा का येतो हे बघायला मी उठले. परत येऊन बटण दाबले. पाच निवडायचे राहून गेले. वेळ दहा वाजून चाळीस मिनिटे.

सव्वाअकराला दुकानासमोर साठ-सत्तर माणसे होती, काही मुलाबाळांसह. खरोखर दुरुस्त झालेली वाद्ये तेवीस. बाकीची मामांच्या टेबलांवर उघडी पडलेली.

मी मामांना विचारले की सगळ्यांपुढे ‘तयार’ का लावले. मामा म्हणाले, “अगं भिंगरे, मी खोलून, पुसून बसलो की म्हणतो, तयार! म्हणजे मी तयार. बाजा कुठे तयार?”

‘तयार’ म्हणजे काय, हे मी मावशींना विचारले होते. मामांना विचारले नव्हते. चूक माझी आहे, मामांची नाही, असे स्पष्ट लिहून घ्यावे.

भांडण कोणीही केले नाही. मामांनी टेबले फुटपाथवर आणली आणि मालकांसमोरच स्क्रू बसवायला घेतले. ज्यांची झाली होती ती मंडळी वाट बघता बघता वाजवू लागली. ट्युबावाल्या आजोबांनी सूर दिला, बाकीच्यांनी धरला. शेजारच्या चष्मेवाल्यांनी आवाजाची तक्रार केली ती बरोबर आहे. तक्रार करून आल्यावर त्यांनी झांजा वाजवल्या, हेही बरोबर आहे. परवानगी घेतलेली नव्हती.

बारा वाजून वीस मिनिटांनी पोलीस आले, त्यांतल्या एकाच्या फोनवरही आमचा संदेश होता. यादीतल्या क्रमांक सतराची क्लॅरिनेट कोणाची होती, हे सांगण्याची गरज नाही असे मला इथे सांगण्यात आले.

मी पायरीवर बसून ‘तयार’ हा शब्द काढून टाकला. मामांना विचारून त्यांचेच तीन शब्द घातले: उघडलं, जुळलं, वाजलं. मामांनी स्वतः वाजवून पाहिल्याशिवाय संदेश जाणार नाही. या वेळी पाचच जणांना पाठवला. गर्दीत पाच फोन वाजले. पाचही वाद्ये सुरात होती.

मावशी कात्री घेऊन बाहेर आल्या. सकाळी प्रोग्रॅम नीट चालला नव्हता, म्हणून मी बॅग भरायला माळ्यावर गेले. खाली आले तेव्हा सगळे दोरे कापलेले होते.

मावशींनी एक कोरे कार्ड लिहून माझ्या बॅगेला बांधले. नाव: भिंगरी. बिघाड: एका जागी बसत नाही. परत देण्याची तारीख: या रकान्यात आडवी रेघ.

“रेघ म्हणजे?” मी विचारले.

“म्हणजे द्यायची नाही. बॅग वर ठेव आणि त्या अकॉर्डियनचं बघ.”

सदर कार्ड माझ्याकडे पुरावा म्हणून मागण्यात आले. दिलेले नाही.

हवालदारसाहेब “जबाब तयार” म्हणाले, तेव्हा आधी वाचून दाखवा अशी मी विनंती केली. त्यांनी तो पहिल्यापासून मोठ्याने वाचला. मी सांगितला तसाच वाजला, म्हणून खाली सही करते.