विकायला काढलेली पिकअप

—नाही नाही दादा, तो ‘टक्’ आवाज म्हणजे बिघाड नव्हे. म्हणजे बिघाडच, पण ओळखीचा! स्टार्टर अडकतो. त्याला हातोडीनं हलकेच ठोकायचं आणि त्याच वेळी कुणीतरी किल्ली फिरवायची—एकटीला जमत नाही, म्हणून सासूबाई आत बसल्यात. आई, बाळाचा हात हॉर्नवरून काढा हो! बघा कशा हसतायत. बाळ व्हायच्या आधी आम्ही दोघी मिठाच्या डब्यापुरतं बोलायचो, आता ‘ठोक गं’ आणि ‘फिरवा हो’ यावर दिवस जातो.

ह्यांनी फोनवर काय सांगितलं तुम्हाला? वडिलांची गाडी, नुसती उभी असते—असंच ना? उभी कुठली! हे कामावर गेले रे गेले, की आम्ही मागच्या रोपवाटिकेतली रोपं भरतो आणि घरोघर पोचवून ह्यांच्या आधी परत—अगं बाई. हे बोलायचं नव्हतं. तुम्ही ऐकलं नाहीत असं समजा.

बॅटरी? चांगली आहे. टोकांवर पांढरं साचतं, गरम पाणी ओतून जुन्या टूथब्रशनं घासायचं. पहिल्यांदा मी ह्यांचा रोजचाच ब्रश घेतला—नवा आणला हो लगेच, असं बघू नका. आणि तो इंजिन तापल्याचं दाखवणारा काटा! चढावर सारखा लाल रेघेला टेकायचा, मी रडकुंडीला. बॉनेटला हात लावायचा, मग बाळाच्या कपाळाला, मग परत बॉनेटला—दोन्ही गरमच लागायची. शेवटी निघालं काय? काट्याची तार ढिली! एवढी शिकलेली बाई मी, आणि तार न बघता गाडीला पाणी पाजत बसले. ब्रेक मात्र नवे आहेत. बाळ बसतं ना आत, तिथे मी कुणाचं ऐकत नाही.

हं, फिरवा आई. टक्. परत—टक्. आज हट्टालाच पेटलीय, परक्या माणसाला बुजली असेल. दादा, जरा धक्का माराल? फाटकापर्यंत उतारच आहे. आई, तिकडे सरका, बाळाला घट्ट धरा. मी दुसरा गिअर टाकून क्लच दाबून ठेवते, वेग आला की सोडते. मारा! अजून—अहो, जेवून आलात ना?—अजून—

लागली! आई, लागली! अय्या, बाळ टाळ्या पिटतंय!

काय म्हणालात? थांबवू? छे हो, आता थांबले तर बंद पडेल. चालवून बघायची होती? ढकलून बघितलीत की! किंमत... आई, सांगा ना तुम्हीच, द्यायची का हो गाडी? बघितलंत? मानेनं नाही म्हणाल्या. बाळाला इतकं कवटाळून नाही म्हणाल्या, आता मी काय बोलणार? ह्यांना सांगेन मी. आजच सांगेन, दोघी मिळून सांगू. तुम्ही रागावू नका, धक्का फार छान मारलात. आता बाजूला व्हा बरं, आरशात दिसत नाही आहात. आणि जाताना फाटक लावून घ्या!