नऊ नंबरची जर्सी आणि माडीवरचा जपानी

...आन् ओढलं कुनाला? मला! पाडलं कुनाला? मला! ढोपर कुनाचं फुटलं? हे बघा, हितं, अजून खपली हाय... माझंच की! आन् पेनल्टी मारली कुनी? त्या जपान्यानं! आन् वर फेटा कुनाला बांधला? जाऊ दे... न्हाय, जाऊ दे कसं? बसा तुमी, ऐकूनच जावा, कारन मी गेला अख्खा सीझन तोंड दाबून बसलोय, आमच्या घरात नियमच हाय तसा: पावना हाय, बोलायचं न्हाय! आता त्यो आंघोळीला गेलाय, आन् जपान्याची आंघोळ म्हंजे तुम्हाला सांगतो, म्हशीनं तळ्यात बसल्यागत, लवकर काय उठत न्हाय, तवर बोलून घेतो.

मी रवळू. येळ्ळूरचा. दिवसा उद्यमबागेत फौंड्रीत, सांजच्याला रणझुंजार तालमीचा फॉरवर्ड, नऊ नंबर! आमच्या गावात पोरगं चालाय लागलं की आखाड्यात टाकत्यात, मी तेवढा फुटबॉलच्या नादाला लागलो, बाबा शेवटपातूर म्हनायचा, 'लाथा मारून कुनाचं पोट भरलंय व्हय रं?' तर गोल मी लई मारलं, येचून येचून मारलं, पर फायनलला? एक बी न्हाय! फायनल आली की काय बाधतंय देव जाने... एकदा खांबाला लागला, एकदा पंचाच्या पाठीला लागून भाईर गेला, एकदा तर गोलकीपर बूट बांधत बसलता आन् मी घसरून पडलो! आन् आता गुडघं कुरकुर कराय लागल्यात. म्हनून औंदा नागोजी आप्पास्नी, म्हंजे आमचं अध्यक्ष, भातगिरनीवालं, सांगिटलं, 'आप्पा, ह्यो शेवटचा सीझन. निपाणीच्या फायनलला एक गोल मारतो आन् बूट खुंटीला लावतो.' आप्पानी खांद्यावर हात ठिवला. 'मार की रं रवळू, तुला कोन अडीवतंय?' आन् पुढल्याच आठवड्यात गोव्यासनं जपानी घिऊन आलं!

तेत्सुओ कुरामोची! नाव त्याचं. इंटरनॅशनल फॉरवर्ड! संगं गोव्याचा एजंट, गळ्यात चेन, हातात मोबाईल, त्यो तालमीच्या कट्ट्यावर बसून करियर सांगतोय. 'जपान में सेकंड डिव्हिजन.' बरं! 'फिर घुटने का ऑपरेशन. फिर थायलंड.' बरं... 'फिर कंबोडिया. फिर मंगोलिया.' मंगोलिया? तितं बर्फात फुटबॉल, का घोड्यावर बसून? 'फिर गोवा, लेकिन वो क्लब बंद हो गया.' आन् मग आप्पा छाती फुगवून, 'आन् आता येळ्ळूर!' मी म्हनलं, आप्पा, ह्यो मानूस वर चढतोय का जिन्यावरनं गडगडत आलाय? हितनं खाली आता फकस्त आमची हीर ऱ्हायली! तर आप्पा म्हनत्यात, 'गप की रं! कोल्हापूरवाल्यांनी आफ्रिकेचं प्लेअर आनल्यात, आमी जपानी आनलाय. जपानचं मशीन कधी बंद पडतंय व्हय?' झालं! नऊ नंबर त्याला, आन् मला बाक. 'बाकावर अनुभवी मानूस लागतोय रवळू.' कशाला लागतोय? बाक काय उडून चाललाय?

आन् ह्यो ऱ्हानार कुठं? अख्ख्या गावात माडी मोकळी कुनाची? माझीच! मी भांडायला तोंड उघडलं तर आमची सुवर्णा, बायको माझी, दारात भाकरतुकडा घिऊन हुबी! ववाळून टाकला त्याच्यावरनं! 'बाई गं, आई-बा टाकून कुठनं कुठं आलंय लेकरू...' लेकरू? मिशी फुटून म्हातारी झाली त्याची! तेत्सुओ म्हनाय येईना म्हनून तिनं दुसऱ्या दिवशी 'तात्या' केला. मी म्हनलं, अगं, ह्यानं माझी जागा खाल्ली! तर डोळं वटारून, 'हळू! पावना हाय, बोलायचं न्हाय.'

आता पावन्यानं पावन्यागत ऱ्हावं का न्हाय? ह्यो पाटं उठतोय आन् राजहंसगडापातूर पळून येतोय. येताना काय करतोय? वाटंवरचा कचरा गोळा करून आनतोय! आमच्या दारात चपला सरळ रांगंत लावतोय, माझ्या बी! मला सकाळी चप्पल घालताना उगंच कवायतीला चालल्यागत वाटतंय. आन् वाकतोय... वाकतोय म्हंजे किती? आप्पाला वाकतोय, दूधवाल्याला वाकतोय, एकदा आमच्या रेडकाला वाकलेला मी बघितलाय! आन् मग शेजारची जयाबाई नवऱ्याला, 'बघा, बघा, परदेशी मानूस कसा वागतोय, न्हायतर तुमी.' गल्लीतलं सगळं नवरं माझ्याच नावानं बोटं मोडाय लागलं, जसा काय मीच त्यो जपानी आनलाय. आन् मी कुनाला काय म्हनू? पावना हाय, बोलायचं न्हाय!

बरं, खेळ? आता खोटं कशाला बोलू, गोल मारतोय मुडदा. पहिल्याच सामन्यात दोन! पर गोल मारल्यावर आमच्यात काय करत्यात? शर्ट काढून पळत्यात, गुलाल उधळत्यात, समोरच्याच्या आईला आठवत्यात... ह्यो काय करतोय? गोलकीपरपुढं वाकतोय! माफी मागितल्यागत! समोरच्या टीमची मानसं मला बाकावर यिऊन म्हनत्यात, 'लई चांगला मानूस ओ तुमचा.' मी दात खाल्लं.

मग सुरू झालं जेवान. हितं नीट ऐका, सगळा घोटाळा ह्यातच हाय. पहिल्या रातीला सुवर्णानं दोन भाकरी, झुणका, आन् आमचा बासमती वाढला. तात्यानं ताट असं साफ केलं, असं साफ केलं की धुवायची गरज न्हाय! आता आमच्यात ताट रिकामं दिसलं म्हंजे काय? मानूस उपाशी! सुवर्णा पळत आली, अजून एक भाकरी. त्यानं ती बी संपीवली. अजून भात. साफ! 'अगं बाई, केवढी भूक ती! मंगोलियात काय घातलं का न्हाय कुनी?' मग गावभर झालं, तात्याला खायला आवडतंय. जयाबाईनं मांडं धाडलं, आप्पांच्यातनं कुंदा आला, ऐतवारी तीन घरातनं मटान! आन् ह्यो प्रत्येक ताटापुढं हात जोडतोय, डोळं मिटतोय आन् संपीवतोय. कपाळावर घाम, डोळ्यात पानी, तरी संपीवतोय! मी म्हनलं, अगं त्याला बघ, फुटंल त्यो! तर म्हनती, 'खानाऱ्याच्या तोंडाकडं बघू ने. तुमच्या पोटात का दुखतंय? पावना हाय, बोलायचं न्हाय.'

तुम्हाला सांगतो, सेमीफायनलपातूर त्याचं राजहंसगडाचं पळनं गावच्या येशीपातूरच आलं. पोट असं सुटलं की जर्सीवरच्या नवाचं शून्य दिसाय लागलं! बॉल पायात आला की त्याला पोटामुळं दिसत नव्हता. सेमीफायनल आमी कशी जिंकलो ते त्या गोलकीपरला ठावं, त्यानं बॉल आपल्याच जाळ्यात टाकला, आन् तात्या जाऊन त्याच्यापुढं बी वाकला... वाकला म्हंजे, वाकायला बघितलं.

फायनलच्या दिवशी टेम्पोतनं निपाणीला. समोर निपाणीचीच टीम, मैदान त्यांचं, मानसं त्यांची. वाटंत माझ्या मनात काय आलं ठावं हाय? निपाणीला थांबूच नये. तसंच पुढं जाऊन, कोगनोळीचा हद्दीवरचा नाका वलांडून ह्याला महाराष्ट्रात सोडावं, आन् सीमाप्रश्न सुटला की परत आनावं! पर मैदानावर उतरलो आन् तात्या माझ्यापुढं यिऊन हुबा. जर्सी काढून, घडी घालून, दोनी हातांवर ठिवून, वाकून, 'रवळू-अण्णा... सॉरी. रनिंग, नो.' आन् पोटावर हात ठिवला! अवो, माझ्या अंगावर काटा आला! नऊ नंबर! फायनल! जर्सी अंगात घातली... आन् काय सांगू? तंबू! त्याच्या पोटानं तानून तानून तिचा पार तंबू केलता! आत मी आन् माझ्याएवढा अजून एक मावला असता. वारं शिरलं की मी जागच्या जागी फुगतोय. निपाणीची पोरं वरडत्यात, 'फुगा आला, फुगा आला!' हसा, म्हनलं, हसा.

शून्य-शून्य. मानसं घड्याळं बघाय लागली. आन् बॉल आला! माझ्या पायात! पुढं फकस्त गोलकीपर! मी पाय उचलला... आन् मागनं त्यांच्या बॅकनं जर्सी धरली! दुसऱ्या कुठल्या जर्सीला धरायला हातात काय घावलं नसतं, पर माझ्या पाठीवर कापडाचा ठेवाच व्हता की! असा ओढला, मी मागं, बॉल पुढं, ढोपर खाली! पंचानं शिट्टी मारली. पेनल्टी!

पेनल्टी! म्हंजे गोलच की ओ! मी उठलो, धूळ झाडली, बॉल हातात घेतला, पांढऱ्या ठिपक्यावर ठिवला, मनात रवळनाथाचं नाव घेतलं... आन् भाईरनं आप्पांचा आवाज! 'थांब! बदली! जपानी मारनार!' मी म्हनलं, आप्पा, पाडलंय मला! 'तुझा फायनलचा इतिहास ठावं हाय गावाला! भाईर ये!' बरं, यिऊ... तर अजून वरडत्यात, 'जर्सी दे त्याला! त्याच्या मापाची दुसरी न्हाय!' आता बोला! मैदानाच्या मधी, निपाणीच्या सगळ्या मानसांपुढं, मी जर्सी काढून दिली! बनियनवर! आन् बनियनला हितं, काखंत, भोक! तात्या बॉल उचलून मलाच द्याय लागला, 'रवळू-अण्णा, यू. यू.' मी हात पुढं केला बी! तर आप्पा, 'तात्या!' की ह्यो वाकला आप्पांकडं आन् ठिवला बॉल ठिपक्यावर. मारला. गोल! पेनल्टीला पळायला कुठं लागतंय? गावानं त्याला खांद्यावर घेतला, उचलायला मानसं किती लागली ते इचारू नगा. आन् मी बनियनवर टेम्पोत जाऊन बसलो.

देवळापुढं जेवनावळ घातली, गोव्याचा एजंट बी आलता. तात्या फेट्यात, पुढं ताट, आन् सुवर्णा वाढतीया, वाढतीया... एजंट कपाळाला हात लावून, 'अरे भाभी, बस करो! उनके यहाँ थाली में एक दाना भी छोडना बहुत बुरा है, बनानेवाली का अपमान!' सुवर्णाचा डाव हवेतच थांबला. 'म्हंजे... भूक न्हवती? मला वाईट वाटू ने म्हनून खात व्हता त्यो?' आन् रडाय लागली! रडली, तात्यापुढं हात जोडलं, तवा तात्या बी हात जोडून वाकला, ती परत रडली... आन् माझी जी शेवटची फायनल गेली तिच्यासाठनं कोन रडलं? कोन बी न्हाय!

तवापासनं ती त्याला मोजून दोन भाकरी वाढती आन् हात आवरती. तात्या परत पाटं पळाय लागलाय. पोट आत चाललंय. आन् काल आप्पा पेढं घिऊन आलं, पुढल्या सीझनला बी तात्याच, नऊ नंबर, ऱ्हानार माझ्याच माडीवर! 'रवळू, तू बी थांब अजून एक वरीस, तुझ्याबिगर बाकाला शोभा न्हाय.' शोभा! मी सुवर्णाला म्हनलं, आता तरी बोलू का? तर ती काय म्हनली असंल ते तुम्हाला आता पाठ झालं असंल.

थांबा... आंघोळ झाली वाटतं. आला, आला. या तात्या, या, बसा, हे पाटावर बसा. सुवर्णा, तू जा गं जयाबाईकडं, बस जरा बोलत, मी बघतो पावन्याचं... गेली? हां. मग तुमी आना ते ताट हिकडं, आन् भाकरीची अख्खी बुट्टी बी. अवो, असं काय बघताय माझ्याकडं? नियम मला बी ठावं हाय. पावना हाय, बोलायचं न्हाय. मी कुठं बोलतोय? मी वाढतोय!